पाहुणा पांढऱ्यात, पोलीस खाकीत

शालिकरामचं पत्र होळीच्या सुमारास आलं आणि बाजारातले आंबे संपत आले तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. आमच्यात असं कधीच झालं नव्हतं. शालिकराम तुमसरला, मी भिलाईला. शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासूनची मैत्री, आणि ती सगळी कागदावर! त्याला ऐकू कमी येतं आणि मला फोनवर बोलायला काही सुचत नाही. त्यामुळे जग कुठल्या कुठे गेलं तरी आम्ही दोघं अजून पाकिटाला डिंक लावतो. पत्रात मजकूर काय, तर त्यानं कोणतं पुस्तक वाचलं, मी कोणतं वाचलं, आणि दोघांनाही त्यातलं काय काय समजलं नाही.

पण हे पत्र वेगळं होतं. 'कृष्णा,' त्यानं लिहिलं होतं, 'तुझी मोनाली आणि माझा सोनू, जोडा कसा वाटतो? पोरीला अठरा झाल्याशिवाय विषय नाही, घाई तर मुळीच नाही. पण बोलून ठेवायला काय हरकत? माझा साळा चंपत तिकडे येणार आहे. रीतीप्रमाणे तो गल्लीत चौकशी करून जाईल. तुझ्या मनात नसेल तर दोन ओळी लिही, म्हणजे मी त्याला पाठवत नाही.'

दोन ओळी! अहो, इथेच तर सगळी अडचण. मी उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात काढला, पण 'नाही' हा शब्द मला लिहिताही येत नाही आणि बोलताही येत नाही. पुस्तक वेळेत परत न आणणाऱ्या पोरांना मी 'बरं, उद्या आण' म्हणायचो. ती पोरं आता आजोबा झाली असतील. पुस्तकं अजून यायची आहेत. रोज पॅड घेऊन बसायचो, 'प्रिय शालिकराम' लिहायचो, आणि पुढे हवापाण्याशिवाय काही उतरायचं नाही. एकुलता एक मित्र. तो रुसला तर मी पुस्तकांबद्दल बोलू कोणाशी? बायकोशी, सिंधूशी? ती पुस्तकाचा उपयोग पापडाच्या डब्यावर वजन म्हणून करते!

एरवी मी स्वतःबद्दल फारसं बरं बोलत नाही, बोलण्यासारखं काही सापडतही नाही. पण मिलिटरीत भरती कसं व्हायचं, हे भिलाईतल्या आमच्या अख्ख्या रिसाली वस्तीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, हे मी छाती फुगवून सांगतो! मुलांच्या भरतीत छाती किती फुगली पाहिजे याचीसुद्धा अट असते. पाच सेंटिमीटर. माझी दीड फुगते.

कारण असं, की आमच्या मोनालीनं मिलिटरी पोलिसात जायचं ठरवलं. मोनाली म्हणजे माझ्या परागची मुलगी, नुकती साडेसतरा पूर्ण झालेली. पराग स्टील प्लांटात शिफ्टला, सून रेणू हथखोजच्या एका कारखान्यात. दोघं थकूनच घरी येतात. म्हणून भरतीचा कारभार माझ्याकडे आला.

"आबाजी, तुमी फक्त वाचा," मोनाली म्हणाली. "पळायचं मी पाहून घेते. डील?"

वाचायचं म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. मी भरतीची सूचना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिपेपर्यंत तीनदा वाचली. फोटो ताजा हवा. अंगावर नको तिथे गोंदण नको. कोणते दाखले, कोणाच्या सहीचे. आणि एक वाक्य तर मला फारच आवडलं: येण्यापूर्वी कानातला मळ काढून घ्यावा, दातांवरचं किटण साफ करून घ्यावं. इतकं मायेनं सरकार एरवी कधी बोलतं?

मी मोनालीला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरनं तिच्या कानात पाहिलं, मग माझ्या कानात पाहिलं, आणि तिला बाजूला बसवून माझेच कान साफ केले! तेव्हापासून सिंधू बोलते ते सगळं मला ऐकू येतं. भरतीचा पहिला तोटा तो!

मग पळण्याचा सराव. सोळाशे मीटर साडेसात मिनिटांच्या आत. पहाटे मैदानावर मोनाली पळायची आणि मी मोबाइलचं घड्याळ लावून बाकावर बसायचो. सोबत एक पुस्तक. पहिल्या दिवशी घड्याळात पाहिलं, तर एकवीस मिनिटं! मी तिची समजूत घालायला लागलो. "बेटा, काही हरकत नाही, प्रयत्नांती..."

"आबाजी!" ती कपाळावर हात मारून ओरडली. "मी कवाची येऊन उभी आहे! पान पलटवता पलटवता बटन तर दाबा ना यार!"

उंच उडीसाठी शेजारच्या कमलाबाईच्या वाळत घातलेल्या साड्या होत्या आणि लांब उडीसाठी तिच्या दारासमोरची नाली. कमलाचं घर म्हणजे पुढे किराणा दुकान, मागे संसार. गल्लीत शिरलं की पहिलं तोंड तिचंच दिसतं आणि शेवटपर्यंत ऐकू येतं.

"काकू वो काकू!" ती सिंधूला हाक मारायची. "तुमची पोट्टी पाहा, माह्या साडीवरून उड्या मारून राहिली! फाटली तं मिलिटरी भरून देईन का?"

पण मनातून तिला कौतुक होतं. एकदा तिच्या गुड्डूनं मोनालीला 'ए फौजी, एक पुशअप तो दिखा' म्हणून चिडवलं. मोनालीनं त्याचा हात असा पिरगाळला की पोरगं दोन दिवस डाव्या हातानं जेवलं. कमला ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला साखरेच्या पुडीबरोबर फुकट सांगायची.

ऑनलाइन परीक्षा मोनालीनं पहिल्या फटक्यात काढली. आता परगावी रॅली होती, धावण्याची आणि तपासणीची. सगळे कागद जमले, राहिला एकच: पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला. त्याशिवाय रॅलीच्या फाटकातून आत घेत नाहीत. आम्ही अर्ज दिला. ठाण्यातून निरोप आला, "हमारा आदमी मोहल्ले में आकर पूछताछ करेगा."

मी ही बातमी सिंधूला सांगितली, आणि त्याच तोंडानं भीत भीत शालिकरामच्या पत्राचीही. इतके दिवस लपवून ठेवलं होतं.

"म्हणजे चंपतही याच दिवसांत येऊन टपकणार?" तिनं कमरेवर हात ठेवले. "मंग तुमी नाही का नाही लिहिलं?"

"लिहितोच आहे."

"राहू द्या आता. पोलिसाचा माणूस आला तं पोलिसासारखं सांगू, पाहुणा आला तं पाहुण्यासारखं. मिलिटरीनं नाही घेतलं पोरीले तं? दोन्ही चुली पेटत्या राहू द्या. आत्ता कोण बोहल्यावर चढवून राहिलं तिले?"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. मुलीच्या गल्लीत कोणी चौकशीला आलं, की शेजाऱ्यांनी मुलीचं सोनं करून सांगायचं. खरं-खोटं नंतर. पोरगी परातीत जेवत असली तरी 'वाऱ्यावर जगते' म्हणायचं! मी कमलाला बोलावलं आणि दोन पाठ दिले. पोलिसासाठी: पोरगी धीट, काटक, भल्या पहाटे उठणारी. पाहुण्यासाठी: पोरगी मऊ, घरगुती, गरीब.

"पण काकाजी," कमलानं विचारलं, "वळखू कशी मी? कोण कोणचा?"

आणि मी, ज्यानं आयुष्यात 'बहुतेक', 'कदाचित' आणि 'मला वाटतं' यांच्याशिवाय वाक्य सुरू केलं नाही, तो मी खुर्चीतून उठलो आणि ठणकावून म्हणालो, "त्यात काय कठीण? पोलीस खाकीत येईल, पाहुणा पांढऱ्यात!"

दोनच दिवसांनी दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ अवतरले. पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, कपाळावर टिळा, हातात लाडवांची पिशवी. आमच्या खिडकीतून दुकान समोर दिसतं. परका माणूस दिसला की मी पडद्यामागे जातो, तसा गेलो. पण कान नुकतेच साफ झालेले. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मोनाली का घर इधरिच है क्या दीदी?" त्यांनी विचारलं. "ज़रा पूछना था, लड़की कैसी है?"

कमलानं डोक्यावर पदर घेतला. तिनं पदर घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला!

"लड़की?" ती लाडिक हिंदीत म्हणाली. "अजी, लड़की नहीं, गाय है गाय! मुंडी वर करके चलती नहीं!"

"बाहर घूमना-फिरना?"

"देहरी नहीं लांघती! इतने साल से पड़ोस में हूं, मैं भी उसकू दिवाली के दिवाली देखती!"

गृहस्थ जरा गोंधळले. "पर हमने तो सुना, दौड़ती-वौड़ती है?"

"दौड़ती?" कमला गालावर हात ठेवून हसली. "वो तं छिपकली देख के बेहोश हो जाती है बिचारी! कांदा कापते कापते चक्कर आती है!"

"अच्छा," ते म्हणाले. खिशातून त्यांनी चिठोरं काढलं आणि काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, काय पद्धतशीर पाहुणा! "और शादी-वादी का कुछ?"

इथे कमलानं पाठाबाहेरचं स्वतःचं घातलं. माल चांगला आहे हे सांगून दुकानदार थांबत नाही. 'शेवटचाच राहिला' हेही सांगतो.

"लाइन लगी है जी रिश्तों की! एक तो पक्का ही समझो. तुमको करना होगा तो देर मत करो!"

"पक्का? उमर कितनी है उसकी?"

"सतरा! एकदम कोवळी!"

"सत्रह में शादी?"

"तो क्या बूढ़ी करके देंगे?"

गृहस्थांनी लाडवांची पिशवी छातीशी धरली आणि लगबगीनं निघाले. कमलानं आमच्या खिडकीकडे पाहून डोळा मारला. मी पडद्यामागून मान डोलावली. एकंदर काम छान झालं होतं!

उन्हं कलली तेव्हा गल्लीत बुलेटचा आवाज घुमला. वर एक धिप्पाड माणूस. खाकी शर्ट, खाकी पँट, मिशा अशा की दोन्हीकडे लिंबं अडकवावीत! कमलानं पदर खोचला आणि गल्ल्याच्या पेटीवर मूठ आपटून उभी राहिली.

"कृष्णरावजीची नात इथंच राहते का वो बाई?" त्यानं गाडीवरून उतरून मराठीत विचारलं. पोलिसात आपलाही माणूस आहे हे पाहून मला भरून आलं.

"हाव साहेब, इथंच!"

"पोरगी कशी आहे म्हणावं?"

"पोरगी? वाघ आहे साहेब, वाघ!"

वाघ म्हणताच तो दचकून दोन पावलं मागे सरला. याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"नाही... म्हणजे घरकामाचं? स्वयंपाकपाणी?"

"त्याले वेळ कुठं आहे तिले! पहाटेपासून मैदानावर. ही नाली एका उडीत, ह्या साड्या दुसऱ्या उडीत! ए गुड्डू, ये इकडं, दाखव साहेबाले हात! पाहा, असा पिरगाळला, पोट्टा डाव्या हातानं जेवला! कोणाच्या बापाले भेत नाही!"

गुड्डूनं हात दाखवला. पाहुण्याला... म्हणजे तेव्हा आम्हाला वाटलेल्या पोलिसाला घाम फुटला.

"अन् लग्नाबिग्नाचं?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"नाव काढू नका! लग्नाचं बोलणाऱ्याले उचलून ह्याच नालीत टाकीन ते!"

कमलानं दिलेला कढत चहा तो एका घोटात प्यायला. बुलेट चार किका मारूनही सुरू झाली नाही, तेव्हा त्यानं ती कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. मागे एकदाही वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी आमच्याकडे आलुबोंडे तळले गेले. मोनाली सरावाहून आली तेव्हा आम्ही तिघं तिच्या भविष्याला टाळ्या देत होतो. "मोनाली बेटा," मी म्हणालो, "आता दाखला तुझ्या हातात आला असंच समज!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यातून फोन. "बबाजी, लड़की को लेकर आइए. मैडम बुला रही हैं. मामला सीरियस है."

मी, सिंधू, मोनाली आणि 'माह्याशिवाय साक्ष कोण देईन' म्हणत दुकान गुड्डूवर टाकून आलेली कमला, अशी वरात ठाण्यात पोचली. आत हवालदार चंद्राकर बसले होते. कडक खाकी, कमरेला पट्टा. आणि चेहरा? कालच्या लाडवांच्या पिशवीमागचा!

"बइठव बबा," ते छत्तीसगढीत प्रेमानं म्हणाले.

"अगं बाई!" सिंधू किंचाळली. "हा तं पाहुणा!"

"पाहुना नहीं माताजी, हवालदार. कल भतीजे के जनम की छट्ठी थी, उधर से सीधा आपके मोहल्ले में आ गया था."

कमला हळूहळू माझ्या मागे सरकू लागली. माझ्यामागे लपण्याइतकी जागा कोणालाच मिळत नाही, मी स्वतःच कोणाच्या तरी मागे असतो. माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. मग खाकीतला कोण?

"चंपत!" सिंधूनं दात-ओठ खाऊन माझ्या कानात सांगितलं. कान साफ असल्याचा पुन्हा तोटा! "जंगलखात्यात गार्ड आहे तो. खाकी घालून लग्नालेही जाते. तुमच्या शालिकरामनंच लिहिलं होतं ना?"

लिहिलं होतं. वीस वर्षं लिहीत होता. चंपतच्या मागे एकदा वाघ लागला होता आणि तो अर्धा दिवस मोहाच्या झाडावर बसला होता, हेसुद्धा लिहिलं होतं.

ठाणेदार नेताम मॅडमनी कागद उचलला. तरुण बाई, पण नजर अशी की मी न केलेले गुन्हेही आठवू लागलो. त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला. मुलगी घराबाहेर पडत नाही. धावत नाही. पाल पाहून बेशुद्ध पडते. आणि शेवटची ओळ: वय सतरा, लग्न पक्कं.

"सर्टिफिकेट छोड़िए," मॅडम म्हणाल्या. "सत्रह साल की बच्ची की शादी? दादाजी, आप तो पढ़े-लिखे लगते हैं! ये जब तक साफ नहीं होता, मैं किसी कागज पर साइन नहीं करूंगी."

रॅलीची तारीख तोंडावर. मोनालीचा चेहरा उतरला. पहाटेचं ते सगळं पळणं, परीक्षा, साफ केलेले कान, सगळं त्या एका सहीवर अडलेलं. बोलायची वेळ माझी होती. मी उठलो, घसा साफ केला आणि जे बोललो ते शब्दशः असं होतं: "अं..."

"मैडम, कोई शादी नहीं है," मोनालीच पुढे झाली. "एक रिश्ते की चिट्ठी आई थी बस. आबाजी ने ना नहीं लिखा. उनसे किसीको ना बोला ही नहीं जाता."

"चिट्ठी है?"

चिठ्ठी होती. घरी. एका पुस्तकात खूण म्हणून घातलेली.

"कोणत्या पुस्तकात आबाजी?"

"लाल पुठ्ठ्याच्या," मी म्हणालो. "बहुतेक. नाहीतर निळ्या."

चंद्राकर गाडीची चावी शोधू लागले, तोवर मोनाली फाटकाबाहेर दिसेनाशी झाली होती. मॅडमनी आमच्यासाठी चहा सांगितला. चहा आला. मी त्याच्यावरची साय बाजूला करत होतो, तोच मोनाली दोन्ही पुस्तकं काखोटीला मारून परत दारात हजर! धापसुद्धा लागली नव्हती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग रिपोर्टकडे.

"चंद्राकर, ये बेहोश होने वाली लड़की है?"

"मोहल्ले वाले बोले मैडम," चंद्राकर म्हणाले.

"मोहल्लेवाली कुठं आहे?" म्हणून सिंधू वळली. कमला पाण्याच्या माठापाशी बाहेर उभी होती आणि चौथा पेला पीत होती. मग मात्र ती आत आली. "मैडमजी," हात जोडून म्हणाली, "हम लोग पाहुने को ऐसाच बोलते. मेरी शादी में मेरी पड़ोसन ने बोला था, मैं दस तक गिनती नहीं जानती, इतनी सीधी हूं. और मैं दुकान चलाती हूं!"

नेताम मॅडम हसू दाबत पत्र वाचू लागल्या. 'मनात नसेल तर दोन ओळी लिही' इथे त्यांचं बोट थांबलं.

"तो लिखीं, दो लाइनें?"

"लिहितोच आहे," मी म्हणालो.

"कब से?"

"होली से," मोनाली म्हणाली.

"अभी लिखिए. मेरे सामने." मॅडमनी कागद पुढे सरकवला. "एक फोटोकॉपी फाइल में लगेगी कि परिवार ने मना कर दिया. असली वाली चंद्राकर आपके साथ जाकर डिब्बे में डलवाएगा. फिर मैं साइन करूंगी."

ठाण्यात बसून निबंध लिहिणारा मी भिलाईतला पहिलाच म्हातारा असेन. 'प्रिय शालिकराम' लिहिलं. मग नेहमीप्रमाणे पाऊसपाणी, मग हल्ली वाचलेलं पुस्तक. पान भरलं. मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"इसमें ना कहां है?"

"येईल. पुढच्या पानावर."

दुसरा कागद. त्यात मी लिहिलं की सोनू गुणी आहे, मोनालीही गुणी आहे, योग असतील तसं होईल, बघू. सिंधूनं मोनालीकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं आणि म्हणाली, "हा तं होकार झाला! एवढं वाचून तं ते उद्या साखरपुड्याले येतीन!"

मी पेनाला टोपण लावलं. मोनाली खुर्चीशेजारी खाली बसली.

"आबाजी," ती हळूच म्हणाली, "शालिकराम आबाजी तुमचे एकच दोस्त आहेत, मले माहीत आहे. ते रुसले ना, तं मी तुमाले पत्र लिहीन. तिकडून, ट्रेनिंगमधून. मराठीत. चुका होतीन खूप. पण पुस्तकाबद्दल लिहीन. प्रॉमिस."

जी पोरगी घराबाहेर हिंदीशिवाय बोलत नाही, किराण्याची यादीसुद्धा हिंदीत करते, ती माझ्यासाठी मराठी पत्र लिहिणार होती! मी तिसरा कागद घेतला. डोळे मिटून पहिल्याच ओळीत लिहिलं: 'नाही.' आभाळ कोसळलं नाही. पंखा तसाच फिरत राहिला. मग बाकीचं आपोआप उतरलं: 'नाही, शालिकराम. मोनालीचं लग्न आत्ता नाही. तिला मिलिटरीत जायचं आहे आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पळते तेव्हा माझं वाचनात लक्ष लागत नाही. एवढ्यावर रुसायचं असेल तर रूस, पण पुढचं पत्र लिहून रूस.'

मॅडमनी वाचून घेतलं आणि एकच शब्द बोलल्या, "बढ़िया." शेजारच्या दुकानातून फोटोकॉपी आली. चंद्राकरांनी खणातून एक पाकीट काढून दिलं. मी जीभ फिरवून ते चिकटवलं, पत्ता लिहिला, आणि मॅडमनी दाखल्यावर सही ठोकली! मोनालीनं मला खुर्चीसकट मिठी मारली. कमलानं ठाण्यातच बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

इथेच सांगून टाकतो, कारण तुम्ही विचारणारच: रॅलीत मोनाली तिच्या गटात दुसरी आली. उंची बसली, वजन बसलं, दात बसले. आणि डॉक्टरला तिच्या कानात मळाचा कणही सापडला नाही. माझं श्रेय एवढंच!

पण त्या दिवशी अजून पत्र टाकायचं बाकी होतं. चंद्राकर माझ्यासोबत कोपऱ्यावरच्या लाल डब्यापर्यंत आले, मागून आमची वरातही. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं, तेवढ्यात सिंधूचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर टाकला.

"वयनी, मी चंपत बोलून राहिलो," पलीकडून आवाज आला. "राग नका मानू. पण तुमच्या पोरीचं आमच्याच्यानं नाही होणार. मी रातीच घरी येऊन सगळ्याइले सांगितलं. आमचा सोनू सायकलवरून उतरताना पडते वो, अन् तुमची तं साड्याइवरून उडते! भाऊजी कालपासून नकाराचं पत्र लिहून राहिले. चार कागद फाडले. म्हणते, कृष्णाले नाही कसं म्हणू, एकच तं दोस्त आहे!"

माझा हात डब्याच्या फटीतच थांबला. म्हणजे उभ्या आयुष्यात मी एकदाच कोणाला 'नाही' म्हणालो, आणि त्यानं ते आदल्या दिवशीच मनात म्हणून ठेवलं होतं! मी पाकीट हळूच मागे ओढू लागलो. त्याला लिहू दे की आधी, मी आरामात उत्तर देईन...

"डालव बबा, डालव," चंद्राकर म्हणाले. "मैडम पूछेंगी."

मी पाकीट सोडलं. ते आत टपकन पडलं. चंद्राकरांनी मला कडक सलाम ठोकला, मोनालीनं त्यांना त्याहून कडक ठोकला. आणि मी हात वर करून सलाम घेणार, तोच माझ्या ध्यानात आलं: ठाण्याच्या त्या कोऱ्या पाकिटावर मी तिकीटच लावलेलं नव्हतं! आता ते बैरंग जाणार, आणि जो नकार शालिकरामला स्वतःलाच द्यायचा होता, तोच त्याला दुप्पट पैसे भरून सोडवून घ्यावा लागणार.